बिळातला पक्षी आणि डीडीटी

जानेवारी १९५१. बर्म्युडाजवळच्या एका खडकाळ बेटावर लुई मोब्रे यांनी बांबूला फास लावून बिळातला एक पक्षी अलगद बाहेर काढला. शेजारी होते अमेरिकी पक्षीतज्ज्ञ रॉबर्ट कुशमन मर्फी आणि १५ वर्षांचा शाळकरी मुलगा डेव्हिड विंगेट. तो पक्षी होता कॅहाव. डुकरे, उंदीर आणि भुकेले वसाहतकरी यांनी त्याचा फडशा पाडल्याने तो १६२०च्या दशकातच नामशेष झाला, असे मानले जात होते.

मर्फी यांचा जन्म १८८७ मध्ये ब्रुकलिनचा. १९१२ मध्ये लग्नानंतर काही महिन्यांतच ते देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावरून दक्षिण जॉर्जिया बेटाकडे गेले आणि समुद्रपक्ष्यांचेच होऊन गेले. दक्षिण अमेरिकेच्या समुद्रपक्ष्यांवरचा त्यांचा द्विखंडी ग्रंथ १९३६ मध्ये आला.

कॅहावच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि दुसरे पक्षी घुसून बिळे बळकावत. म्हणून बिळांच्या तोंडाशी फक्त कॅहावच आत जाईल एवढ्या मापाची फळी बसवण्यात आली.

१९५७ मध्ये मर्फी राहत त्या लाँग आयलंडवर सरकारने झाडांवरील अळ्या मारण्यासाठी विमानांतून डीडीटी फवारले. भाजीचे मळे, कुरणे, अंगणे, काहीच सुटले नाही. हिवतापाच्या डासांविरुद्ध याच औषधाने असंख्य जीव वाचवले होते. पण ते मोजून घराच्या भिंतीवर मारणे वेगळे आणि न विचारता माणसांच्या डोक्यावर ओतणे वेगळे. मर्फी शेजाऱ्यांसह न्यायालयात गेले आणि हरले. मात्र या खटल्याने रेचेल कार्सन यांचे लक्ष वेधले आणि १९६२ मध्ये त्यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले.

डीडीटी लवकर विघटित होत नाही. ते चरबीत साठते आणि लहान जीवाकडून मोठ्या जीवाकडे जाताना त्याचे प्रमाण वाढत जाते. कॅहाव खुल्या समुद्रातले म्हाकूळ आणि मासे खातो. फवारलेल्या शेताशी त्याचा संबंधच नाही. तरीही त्याची पिल्ले वर्षागणिक घटत होती. १९६८ मध्ये विंगेट आणि चार्ल्स वुर्स्टर यांनी त्याच्या अंड्यांत व मेलेल्या पिल्लांत डीडीटीचे अंश असल्याचे दाखवून दिले. मर्फींच्या अंगणात पडलेले विष आणि त्यांच्या पक्ष्याच्या अंड्यातले विष एकच होते.

अमेरिकेने १९७२ मध्ये शेतीसाठी डीडीटीवर बंदी घातली. मार्च १९७३ मध्ये मर्फी वारले. आज कॅहावच्या शंभराहून अधिक जोड्या बर्म्युडात घरटी करतात.