विश्लेषण : नेमबाजीत सुवर्ण, शिल्पकलेतही सुवर्ण! कोण होते वॉल्टर वायनन्स? जुन्या टार्गेट रिव्हॉल्व्हरच्या ‘जुळत्या जोडी’ला एवढे मोल का?

ऑलिम्पिकमध्ये बंदूक चालवून सुवर्णपदक आणि पुढच्याच ऑलिम्पिकमध्ये ब्राँझचा घोडा घडवून दुसरे सुवर्ण. हा पराक्रम करणारे वॉल्टर वायनन्स यांचे नाव आज जुनी टार्गेट रिव्हॉल्व्हर जमवणाऱ्यांच्या वर्तुळात आदराने घेतले जाते. त्यांचे आयुष्य आणि त्यांच्या काळातली ही रिव्हॉल्व्हर, दोन्ही समजून घेऊया.

रेल्वेच्या पैशातून उभे राहिलेले घर

वायनन्स यांचा जन्म ५ एप्रिल १८५२ रोजी रशियातील सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. आई-वडील मात्र अमेरिकन. आजोबा रॉस वायनन्स बाल्टिमोरचे नामवंत रेल्वे अभियंते. सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को या रेल्वेसाठी इंजिने आणि डबे बांधण्याचे मोठे कंत्राट या कुटुंबाला मिळाले आणि वडील विल्यम तिकडेच राहिले. पुढे प्रकृतीच्या कारणाने ते इंग्लंडला गेले. १८९७ मध्ये त्यांचे निधन झाले. अनेक वर्षे इंग्लंडमध्ये राहिलेला हा माणूस कायद्याच्या दृष्टीने तिथला रहिवासी होता का, यावर वारसा कराचा खटला थेट ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९०४ चा हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावा लागतो.

मुलगा वॉल्टरही तसाच. जन्म रशियात, संसार इंग्लंडमध्ये, नागरिकत्व अमेरिकेचे. अमेरिकेच्या भूमीवर त्यांनी पहिल्यांदा पाऊल ठेवले ते १९१० मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी!

रिव्हॉल्व्हर ‘टार्गेट’साठी कसे बनले?

पैशाची ददात नव्हती. वायनन्स यांनी घोडे पाळले, चित्रे काढली, शिल्पे घडवली. पण नाव झाले ते रिव्हॉल्व्हरने. इंग्लंडमध्ये नेमबाजीच्या मोठ्या स्पर्धा आधी विम्बल्डनला आणि १८९० पासून बिस्ले येथे होऊ लागल्या. तिथे वायनन्स वर्षानुवर्षे चमकले. बिस्लेचा दबदबा असा की, अमेरिकेच्या कोल्ट कंपनीने १८९४ मध्ये आपल्या एका मॉडेललाच ‘बिस्ले’ हे नाव दिले.

वायनन्स यांच्या हातात प्रामुख्याने दिसे ते स्मिथ अँड वेसनचे ‘रशियन’ रिव्हॉल्व्हर. त्याची गोष्टही त्यांच्या जन्मगावाशी जोडलेली. १८७१ मध्ये रशियन सरकारने या अमेरिकन कंपनीला २०,००० रिव्हॉल्व्हरचे पहिले मोठे कंत्राट दिले, पण काडतूस बदलण्याची अट घातली. आधीच्या काडतुसात गोळीवरचे वंगण बाहेरच्या बाजूला असे. त्यावर धूळ चिकटे. रशियन मागणीनुसार गोळीचा वंगण असलेला भाग काडतुसाच्या आत गेला. त्यातून तयार झालेले .४४ रशियन काडतूस इतके अचूक निघाले की लष्करासाठी बनलेली वस्तू नेमबाजांनी आपलीशी केली.

१८७८ मध्ये याच घराण्यातले ‘न्यू मॉडेल नंबर ३’ आले. नंतर त्याचे खास टार्गेट रूप निघाले. त्याला मागची माशी कमी-जास्त करता येणारी होती आणि .३२-४४ व .३८-४४ अशी कमी धक्का देणारी काडतुसे होती. १९०१ मध्ये वायनन्स यांनी रिव्हॉल्व्हर नेमबाजीच्या कलेवर पुस्तक लिहिले. त्या काळच्या नेमबाजांसाठी ते मार्गदर्शक ठरले.

दोन ऑलिम्पिक, तीन पदके

१९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ‘धावते हरीण’ नावाचा प्रकार होता. सुमारे १०० मीटरवरून हरणाची आकृती सरकत जाई आणि ती दिसेनाशी होण्याआधी नेम साधायचा. एका फेरीत दोन गोळ्या झाडण्याच्या गटात ५६ वर्षांच्या वायनन्स यांनी रायफलने सुवर्ण जिंकले. १९१२ मध्ये स्टॉकहोमला याच खेळात अमेरिकेच्या संघासह रौप्य मिळाले.

स्टॉकहोमलाच ऑलिम्पिकमध्ये प्रथम कला स्पर्धा झाल्या. वायनन्स यांच्या अमेरिकन शर्यती घोड्याच्या ब्राँझ शिल्पाला सुवर्ण मिळाले. खेळ आणि कला या दोन्हींत ऑलिम्पिक पदक मिळवणारे दोघेच आहेत. दुसरे हंगेरीचे जलतरणपटू आणि वास्तुरचनाकार आल्फ्रेड हायोश. १९४८ नंतर कला स्पर्धा बंद झाल्या आणि ती पदके आता अधिकृत पदकतालिकेत धरली जात नाहीत. म्हणजे वायनन्स यांचे एक सुवर्ण मोजले जाते, दुसरे नाही.

१२ ऑगस्ट १९२० रोजी लंडनमधील पार्स्लोज पार्क येथे घोडागाडीच्या शर्यतीत धावतानाच ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. वय होते ६८.

‘जुळती जोडी’ म्हणजे नेमके काय?

त्या काळातली टार्गेट रिव्हॉल्व्हर आज संग्राहकांच्या कपाटात आहेत. जुळण्याचे दोन अर्थ असतात. पहिला, एकाच शस्त्राचे सुटे भाग एकमेकांचे असणे. स्मिथ अँड वेसनमध्ये अनुक्रमांक मुठीच्या तळाशी, फिरत्या चक्रावर, नळीवर आणि खिटीवर कोरलेला असतो. हे सगळे आकडे सारखे असतील तर शस्त्र मूळचे. एक जरी वेगळा निघाला, तरी मधे कधीतरी भाग बदलला आहे हे कळते आणि किंमत घसरते. नव्याने मुलामा दिला असेल तरीही तेच.

दुसरा अर्थ, एकाच मॉडेलची, एकाच घडणीची आणि एकाच मालकाकडून आलेली दोन रिव्हॉल्व्हर. शंभरहून अधिक वर्षांत वाटण्या होतात, लिलाव होतात. एक शस्त्र एका भावाकडे जाते, दुसरे दुसऱ्याकडे. म्हणून न फुटलेली जोडी दुर्मीळ.

भारतात अशी जोडी ठेवता येते का?

अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुराणवस्तू मानली जाते. भारतात केवळ वय पुरेसे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार जुन्या शस्त्राला सूट मिळते ती ते दुरुस्त करूनही चालवता येत नसेल तरच. चालू शकणाऱ्या आजोबांच्या रिव्हॉल्व्हरलाही परवाना लागतोच.

त्यात २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आणली. वारसा हक्काने आलेले शस्त्रही याच मर्यादेत मोजले जाते. म्हणजे आजोबांची जुळती जोडी सांभाळायची तर दोन्ही जागा तिथेच संपतात. आधीच एक परवानाधारक बंदूक घरात असेल, तर जोडीतले एक शस्त्र सोडावे लागते. घरातल्या जुन्या पेटीत असे काही सापडले तर साफसफाई करण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती देणे, हेच पहिले पाऊल.