ताडपत्रीखालची पद्मिनी आणि मारानेल्लोचा म्हातारा

आमच्या घरामागच्या बोळात ताडपत्रीखाली एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. मॉडेल १९८४ सालचे. आजोबांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सारा जन्म लेथवर काढला आणि निवृत्त होताना हाती आलेल्या पैशातून ही गाडी सेकंडहँड घेतली. गेल्या वर्षी आजोबा गेले. तेव्हापासून गाडीचे काय करायचे यावर घरात खल चालू आहे. काकांचे मत असे की भंगारवाल्याला देऊन बोळ मोकळा करावा. आजी या विषयावर काहीच बोलत नाही. विषय निघाला की चहा टाकायला उठते. मी बी. ए. च्या तिसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र घेऊन बसलेला, म्हणून गाडीची किंमत काढण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतला फरक, पाणी आणि हिरा, हे सारे मी परीक्षेत व्यवस्थित लिहून आलो होतो. ताडपत्री बाजूला करून उभा राहिलो तेव्हा त्यातले काहीएक उपयोगी पडले नाही.

जुन्या मोटारींची किंमत कशी ठरते याचा शोध घेता घेता एका आकड्यापाशी मी थबकलो. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९६२ सालची एक फेरारी जीटीओ पाच कोटी सतरा लाख डॉलरला विकली गेली. रुपयांत सव्वाचारशे कोटींच्या वर! आकडा वाचून मी आधी शून्ये मोजली. मग ज्याच्या कारखान्यात ती गाडी जन्मली त्या एन्झो फेरारीचे चरित्र हाती घेतले, आणि त्यात जे सापडले ते लिलावाच्या आकड्याहूनही चमत्कारिक होते. या माणसाला जुन्या गाडीची किंमत जवळजवळ शून्य वाटत असे.

एन्झोचा जन्म उत्तर इटलीतल्या मोडेना गावचा, फेब्रुवारी १८९८ चा. त्या दिवशी बर्फ इतके पडले होते की नोंद करायला दोन दिवस उशीर झाला असे सांगतात. १८ तारखेचा जन्म कागदोपत्री २० तारखेचा झाला. (आपल्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारखेचे जे होते त्यापुढे हे काहीच नाही.) वडील लोहारकामाचा छोटा कारखाना चालवीत, रेल्वेसाठी सुटे भाग बनवीत. मुलाने इंजिनिअर व्हावे ही त्यांची इच्छा. मुलाच्या मनात मात्र ऑपेरातला गायक व्हायचे होते, ते न जमल्यास क्रीडावार्ताहर. दहाव्या वर्षी, १९०८ साली, वडिलांनी त्याला बोलोन्याची मोटारशर्यत दाखवली, आणि या यादीत तिसरी गोष्ट आली. १९१६ मध्ये वडील आणि पाठोपाठ थोरला भाऊ असे दोघेही वारले. कारखाना बंद पडला. पहिल्या महायुद्धात सैन्याने या मुलाला जे काम दिले ते खेचरांच्या पायांना नाल ठोकण्याचे. पुढे तो आजारी पडला, घरी आला, आणि १९१८ च्या हिवाळ्यात शिफारसपत्र घेऊन तुरीन शहरात फियाट कंपनीच्या दारात नोकरी मागायला गेला. नोकरी मिळाली नाही. तेथल्या व्हालेंतीनो बागेतल्या एका बाकावर बसून तो रडला. हा बाक लक्षात ठेवावा. तो पुन्हा येणार आहे.

पुढे दुसऱ्या एका लहान कंपनीत आणि १९२० पासून अल्फा रोमिओत तो गाड्या चालवू लागला. चालक म्हणून तो बरा होता. फार थोर नव्हता आणि हे त्याला स्वतःलाही कळत होते. १९२३ मध्ये राव्हेन्नाजवळ तो एक शर्यत जिंकला, तेव्हा युद्धात पडलेल्या फ्रांचेस्को बाराक्का या वैमानिकाच्या आईवडिलांशी त्याची ओळख झाली. बाराक्काच्या विमानावर उधळलेला काळा घोडा रंगवलेला असे. ते चिन्ह आईने एन्झोला देऊ केले. त्याने मोडेनाच्या पिवळ्या रंगावर तो घोडा बसवला. आज टी-शर्टपासून टोपीपर्यंत सगळीकडे दिसणाऱ्या त्या घोड्याच्या मागे एका मेलेल्या मुलाची आई आहे, हे मला तरी ठाऊक नव्हते.

१९२९ मध्ये त्याने स्वतःचा शर्यतसंघ काढला, अल्फाच्या गाड्या घेऊन. दहा वर्षांनी अल्फाशी बिनसले. बाहेर पडताना करार झाला की चार वर्षे आपल्या नावाने गाडी शर्यतीत उतरवायची नाही. मग त्याने १९४० मध्ये नाव न लावता गाडी केली. तिला नुसता ‘८१५’ हा आकडा दिला. आणि हिचे इंजिन कशापासून जुळवले होते? फियाट अकराशेच्या भागांपासून! हे वाचले तेव्हा मी उठून बोळात गेलो. आमची पद्मिनी म्हणजे फियाट अकराशेच्याच कुळातली, कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. दूरचे का होईना, नाते आहे. काकांना सांगितले तर ते हसले.

युद्धकाळात कारखाना मोडेनाहून जवळच्या मारानेल्लो गावी हलला, बॉम्बहल्ले सोसून पुन्हा उभा राहिला, आणि १९४७ मध्ये बारा सिलिंडरची ‘१२५ एस’ ही फेरारी नावाची पहिली गाडी बाहेर पडली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तुरीनच्या त्याच बागेभोवतीची शर्यत त्याच्या गाडीने जिंकली. एन्झो जाऊन त्याच बाकावर बसला आणि पुन्हा रडला. एकोणतीस वर्षांचा हिशेब तेथे मिटला.

या ‘१२५ एस’ गाड्यांचे पुढे काय झाले? मोडल्या. सुटे भाग पुढच्या गाड्यांना वापरले. कारखान्याची पहिली गाडी जपून ठेवावी असे मालकाच्या मनातही आले नाही. फेरारीचे अर्थशास्त्र साधे होते. शर्यत हे साध्य. श्रीमंत गिऱ्हाइकांना विकायच्या गाड्या हे त्यासाठी पैसे उभे करण्याचे साधन. या विकायच्या गाड्यांना ग्रान तुरिझ्मो म्हणत, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या. मिलानहून निघावे, आल्प्स ओलांडावा, रात्री पॅरिसमध्ये जेवावे, सामान मागे, सोबत एक माणूस, असा तो थाट. वेग शर्यतीचा, आसन घरच्यासारखे. गिऱ्हाईक मात्र मारानेल्लोच्या बाहेरच्या खोलीत ताटकळत बसे. नुसत्या मिरवण्यासाठी गाडी घेणाऱ्याविषयी या म्हाताऱ्याला फारसा आदर नव्हता, पण त्याचा चेक तो घेत असे. काळा चष्मा, जांभळी शाई, शर्यतीच्या मैदानावर क्वचित दर्शन. त्याने आपली एक मूर्तीच घडवून घेतली होती. कारखान्यात सगळे त्याला वचकून असत. १९६० मध्ये बोलोन्याच्या विद्यापीठाने त्याला इंजिनिअरिंगची सन्माननीय पदवी दिली, तेव्हा वडिलांची इच्छा चव्वेचाळीस वर्षे उशिरा पुरी झाली.

आता ज्या भागापाशी मला सर्वांत जास्त वेळ लागला तो. मुलगा आल्फ्रेदो, घरचे नाव दिनो, १९३२ मध्ये जन्मला. मुलगा होणार म्हणून एन्झोने स्वतः शर्यतीत उतरणे सोडले होते. दिनोला स्नायू झिजत जाण्याचा रोग होता. बापाने इंजिनाची नोंद ठेवावी तशी मुलाच्या आजाराची वही ठेवली. काय खाल्ले, किती उष्मांक, लघवीची तपासणी, रोजच्या रोज. अंथरुणावरून दिनो सहा सिलिंडरच्या नव्या इंजिनाविषयी बोलत असे. ३० जून १९५६ रोजी, चोविसाव्या वर्षी, तो गेला. पुढे कित्येक वर्षे बाप रोज सकाळी आधी स्मशानात जाई, मग कारखान्यात. सहा सिलिंडरच्या इंजिनाला त्याने दिनोचे नाव दिले. लग्नाबाहेरच्या नात्यातून १९४५ मध्ये झालेला त्याचा दुसरा मुलगा पिएरो याला उघडपणे वडिलांचे नाव मिळायला १९७८ मध्ये पत्नीचे निधन व्हावे लागले. एका मुलाचा इतका शोक आणि दुसऱ्याबाबत इतकी वर्षे मौन, हे एकाच माणसात कसे राहत होते कोण जाणे.

आणि दुसऱ्यांची मुले? १९५५ मध्ये आस्कारी, १९५७ मध्ये कास्तेलोत्ती, १९५८ मध्ये मुस्सो आणि कॉलिन्स हे त्याच्या गाड्यांत मेले. मे १९५७ मध्ये मिल्ले मिल्या या हजार मैलांच्या रस्त्यावरील शर्यतीत गुइदिझ्झोलो गावाजवळ देपोर्तागो याच्या फेरारीचा टायर फुटला. तो, त्याचा साथीदार आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नवांत पाच लहान मुले होती. एन्झोवर मनुष्यवधाचा खटला भरला गेला. १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला. त्याच वर्षी सप्टेंबरात मोंझा येथे फॉन ट्रिप्स पंधरा प्रेक्षकांसह गेला. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्याची तुलना स्वतःची मुले खाणाऱ्या सॅटर्न देवाशी केली होती. न्यायालयाने सोडले हे मान्य. तरीही एखादी शर्यत गमावली की त्याला जितके दिवस खुपत असे, तितके हे मृत्यू खुपले असतील का, अशी शंका मला पुस्तक मिटल्यावरही छळत राहिली. चरित्रकार त्याला थोर म्हणतात. थोर असेलही. वडीलधारा म्हणून मला तो नको.

अशा काळात जीटीओ जन्माला आली. नावातल्या शेवटच्या अक्षराचा अर्थ शर्यतीसाठी मान्यताप्राप्त. नियमाप्रमाणे मान्यतेला शंभर गाड्या बनवणे भाग होते. फेरारीने सांगितले की ही जुन्याच मॉडेलची सुधारलेली आवृत्ती आहे, आणि १९६२ ते १९६४ या काळात मोजून ३६ बनवल्या. आराखडा जोत्तो बिझ्झारिनीने सुरू केला. १९६१ च्या अखेरीस कारखान्यातल्या मोठ्या भांडणात तो आणि इतर बडे लोक बाहेर पडले, आणि मग माउरो फोर्गिएरी या कोवळ्या इंजिनिअरने काम पुढे नेले. ॲल्युमिनियमचे अंग मोडेनाच्या सर्जो स्कालिएत्तीच्या शाळेत ठोकून काढले गेले, नजरेच्या अंदाजाने. त्यामुळे एक गाडी दुसरीसारखी तंतोतंत नाही. आमच्या उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रींना हे सांगितले तर त्यांना यात नवल वाटणार नाही.

नवी असताना तिची अमेरिकेतली किंमत होती सुमारे अठरा हजार डॉलर. दोन-तीन वर्षांत शर्यतीत तिच्यापेक्षा वेगवान गाड्या आल्या आणि जीटीओ ही एक वापरलेली, गोंगाट करणारी, उकाड्याची गाडी उरली. एका जीटीओची हकिकत तर अशी की टेक्सासमधल्या एका शाळेला ती देणगी म्हणून मिळाली. मुले तिच्यावर मोटारदुरुस्ती शिकत! १९७२ मध्ये ती साडेसहा हजार डॉलरला विकली गेली आणि नव्या मालकाने ती ओहायोत एका शेतात ट्रेलरवर उघड्यावर ठेवली. ऊन, पाऊस, बर्फ झेलत ती वर्षानुवर्षे तेथे उभी होती. धातू तोच, इंजिन तेच, आणि आज तिच्या भावंडांची किंमत शेकडो कोटी.

मग मध्ये बदलले काय? मला कळले ते असे. अशा गाडीचा भाव ठरवणारे आधी चौकटीवरचा आकडा बघतात, मग मूळ इंजिन तेच आहे का, अंग मूळचे आहे का, कोणत्या शर्यतीत कोण बसला होता, कोणकोण मालक झाले आणि त्या साऱ्याची कागदपत्रे आहेत का. २०२३ ची ती गाडी १९६२ मध्ये न्युरबुर्गरिंगच्या हजार किलोमीटरच्या शर्यतीत दुसरी आली होती आणि पुढे ३८ वर्षे एकाच मालकाकडे होती. या दोन्ही गोष्टींचे पैसे मोजले गेले. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो गेल्यावर जुन्या फेरारींचे भाव भडकले, नव्वदीच्या सुरुवातीला कोसळले, कित्येकांचे हात पोळले, आणि मग पुन्हा चढले. म्हणजे ही किंमत मागच्या मालकांनी जपलेल्या कागदांनी आणि आठवणींनी घडवली. त्या यादीत खुद्द निर्मात्याचा हात दिसत नाही. २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने तर जीटीओ ही कलाकृती असल्याचा निर्वाळा दिला आणि तिच्या नकला करण्यास मनाई केली. कला शाखेच्या आम्हा विद्यार्थ्यांना यात सुख वाटावे असा हा निकाल. पण ज्याला पुढच्या रविवारच्या गाडीपलीकडे दुसरे काही दिसत नव्हते, त्या म्हाताऱ्याला तो कळला असता का?

१९६९ मध्ये त्याने निम्मा कारखाना फियाटला विकला. ज्यांनी दारातून परत पाठवले होते त्यांनाच. शर्यतीची सूत्रे मात्र शेवटपर्यंत हाती ठेवली. १४ ऑगस्ट १९८८ रोजी, नव्वदीत, मोडेनाला तो वारला. त्याच्याच इच्छेप्रमाणे दफन उरकल्यावर जगाला बातमी दिली गेली.

मी एक वही केली आहे. तीत पद्मिनीचा चासी नंबर, इंजिन नंबर (आरसी बुकाशी जुळतो), आजोबांच्या हातच्या दुरुस्तीच्या पावत्या, आणि पंढरपूर, गणपतीपुळे, आत्याच्या लग्नाची खरेदी अशा फेऱ्या, जेवढ्या आजीला आठवल्या तेवढ्या, तारखेसह लिहिल्या आहेत. विषय काढल्यावर आजी पहिल्यांदाच चहा टाकायला उठली नाही. भंगारवाला येऊन भाव सांगून गेला आहे. किमतीच्या रकान्यात मी अजून काही लिहिलेले नाही. काका रोज विचारतात.