अंकांचा राखणदार : जॉन पोस्टेल

राजांची व सेनापतींची चरित्रे आपण आवडीने वाचतो. परंतु सिंहासनावर न बसता केवळ एक नोंदवही नीट राखून ज्यांनी जगाचा व्यवहार सुरळीत ठेवला, असेही पुरुष होऊन गेले आहेत. जॉन पोस्टेल हा त्यांपैकी एक होय.

त्याचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात अल्टाडीना येथे झाला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याने अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले व १९७४ साली संगणकशास्त्रात डॉक्टरेट संपादन केली. तो तेथे विद्यार्थी असतानाच, १९६९ मध्ये, अर्पानेट या संगणकजालाचे पहिले केंद्र त्या विद्यापीठात सुरू झाले. कोणता क्रमांक कोणास दिला याची नोंद ठेवण्याचे काम पोस्टेलने आपण होऊन पत्करले. प्रारंभी ती नोंद एका वहीत मावत असे. काम क्षुल्लक दिसे खरे. परंतु दोन संगणकांस चुकून एकच क्रमांक मिळाला असता, तर एकाचा निरोप दुसऱ्याच्या दारी जाऊन सारा घोटाळा उडाला असता.

१९८१ साली त्याने संपादिलेल्या नियमांत आयपी पत्ता ३२ बिटांचा ठरला. तो आपण ० ते २५५ अशा चार अंकांनी लिहितो. पुढे १९८५ साली जेफ्री मोगल यांच्यासह त्याने सबनेट मास्कची प्रमाण रीत लिहिली. विद्यार्थी मित्रहो, घरच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१० व मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन अंक वाड्याचे आणि शेवटचा घराचा, असे समजावे. वाड्यातील २५६ क्रमांकांपैकी पहिला खुद्द वाड्याचा व शेवटचा सर्वांस एकदम हाक मारण्याचा. म्हणून उपकरणांस २५४ उरतात. घरातील दोन उपकरणांस एकच क्रमांक मात्र कदापि देऊ नये.

मग घरोघरी तेच पत्ते असूनही गोंधळ का होत नाही? १० ने, १९२.१६८ ने आणि १७२.१६ ते १७२.३१ यांनी आरंभ होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ही व्यवस्था १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या नियमांत नमूद असून, ते राखण्याचे काम पोस्टेलच्याच नोंदणी कार्यालयाने केले. हे पत्ते घराचा उंबरठा ओलांडून बाहेरच्या जगात जात नाहीत.

एका माणसाच्या सचोटीवर जगाचा भार किती काळ ठेवावा, हा प्रश्न अखेर उभा राहिलाच. सप्टेंबर १९९८ मध्ये या कामासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. परंतु हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, पोस्टेल निवर्तला. लहान काम चोख करणे हीही थोरवीच होय, हा बोध त्याच्या चरित्रापासून आपण घ्यावा.