मासळीचा त्रास आणि एका डॉक्टरची कातडी : कार्ल प्राउस्निट्झ यांचे चरित्र

बांगड्याच्या हुमणाशिवाय ज्यांचा घास उतरत नाही, अशा आपल्या गोव्यातही काही घरांत एखादे माणूस मासळीपासून चार हात दूर बसते. दोन घास पोटात जाताच अंगावर गांधी उठतात, शिंका येतात, ओकारी होते, क्वचित श्वासही कोंडतो. अशा माणसाच्या रक्तात काहीतरी निराळे असते, याचा पहिला भक्कम पुरावा १९२१ साली मिळाला, आणि तोही मासळीच्याच निमित्ताने. तो मिळवणाऱ्या दोघांपैकी वडीलधारे होते कार्ल प्राउस्निट्झ.

प्राउस्निट्झ यांचा जन्म १८७६ साली हॅम्बुर्ग येथे झाला. वडिलांचे घराणे ज्यू वंशाचे, आई इंग्रज. वैद्यकीचे शिक्षण संपल्यावर ते हॅम्बुर्गमध्येच विल्यम डनबर यांच्या हाताखाली काम करू लागले. गवताच्या परागांमुळे नाक-डोळे वाहण्याचा विकार हा डनबर यांच्या अभ्यासाचा विषय होता. परागांत विष असते, अशी त्यांची समजूत होती. ती पुढे चुकीची ठरली. पण शिष्याला या विकाराचा ध्यास लागला तो तिथेच. प्राउस्निट्झ यांना स्वतःलाही परागांचा त्रास होता.

ॲलर्जी हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली रूढ केला. मात्र तिचे कारण रक्तात दाखवता येत नव्हते. प्राउस्निट्झ तोवर ब्रेस्लाउ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे, स्थिरावले होते. त्यांचे तरुण सहकारी हाइन्झ कुस्टनर यांना मासळी सोसत नसे. गंमत अशी, की शिजवलेल्या मासळीचा अर्क त्यांना बाधे, कच्चीचा बाधत नसे. कुस्टनर यांच्या रक्ताची नळीत तपासणी केली, तर हाती काहीच लागेना. तेव्हा प्राउस्निट्झ यांनी नळी बाजूला ठेवली आणि स्वतःची कातडी पुढे केली.

कुस्टनर यांच्या रक्तद्रवाचा थेंबभर अंश त्यांनी आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. मासळी निर्वेधपणे खाणाऱ्या या माणसाच्या कातडीवर काही मिनिटांतच लालसर गांध उठली. शेजारच्या, रक्तद्रव न टोचलेल्या कातडीवर काही उठले नाही. ॲलर्जी घडवणारे द्रव्य रक्तात असते, ते एका माणसातून दुसऱ्यात नेता येते आणि कातडीला चिकटून राहते, हे त्या एका गांधीने सिद्ध केले. परागांच्या बाबतीत प्राउस्निट्झ यांचा रक्तद्रव कुस्टनर यांना टोचून पाहिला, तो प्रयोग मात्र साधला नाही. दोघांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी पुढे कित्येक वर्षे जगभर वापरली गेली. रक्तातून कावीळ संक्रमित होण्याचा धोका ध्यानी आल्यावर ती मागे पडली.

१९२६ पासून ते ब्रेस्लाउला आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि वडिलांच्या वंशामुळे त्यांना देश सोडावा लागला. वय सत्तावन्नच्या घरात. इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावर, व्हेंटनर या लहानशा गावी, त्यांनी साधा दवाखाना थाटला आणि आईचे जाइल्स हे आडनाव जोडून घेतले. संशोधन पूर्ण सुटले नाही. सूतगिरण्यांतील धुळीने कामगारांच्या छातीला होणाऱ्या विकाराविषयीचा त्यांचा अहवाल १९३६ साली प्रसिद्ध झाला. अखेरच्या दिवसांत त्यांनी १९२१ च्या त्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर स्वतःच करून दिले. १९६३ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कातडीने दाखवलेले द्रव्य कोणते, हे कळण्याआधीच ते गेले. पुढच्या चारेक वर्षांत अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी ते प्रतिपिंड ओळखले. १९६८ साली त्याला इम्युनोग्लोब्युलिन ई हे नाव मिळाले. रक्तात ते इतर प्रतिपिंडांच्या तुलनेत हजारो पटींनी कमी असते. जुन्या नळ्यांना ते सापडले नाही, यात मग नवल कसले?

आज त्याच्या शोधासाठी माणसाची कातडी लागत नाही. ॲप्टामर म्हणजे प्रयोगशाळेत निवडलेला डीएनए किंवा आरएनएचा छोटा धागा. तो विशिष्ट घडी घालून एकाच प्रथिनाला बिलगतो. इम्युनोग्लोब्युलिन ईला बिलगणारे असे धागे १९९६ साली तयार झाले. धाग्याला प्रकाशणारा रेणू जोडला, की प्रतिपिंड भेटताच त्याचा उजेड बदलतो आणि यंत्र तो मोजते. आपल्याकडे ग्वाल्हेरची संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापना रोगजंतू आणि विषे ओळखण्याच्या चाचण्यांवर काम करते. शोधायचे द्रव्य निराळे असले, तरी असंख्य रेणूंच्या गर्दीतून नेमका एक हुडकण्याची अडचण तिथेही तीच. ॲलर्जीसाठीचे हे प्रकाशणारे संवेदक अजून बहुतांशी प्रयोगशाळांतच आहेत. दवाखान्यात आजही मासळीची ॲलर्जी पाहायची, तर डॉक्टर रक्त तपासायला पाठवतात किंवा रुग्णाच्याच हातावर अर्काचा थेंब ठेवून सुई टेकवतात आणि पंधरा-वीस मिनिटे गांध उठते का, ते पाहत बसतात.