यंत्राचा वेग व मजुराचा विसावा

सरकारी कचेऱ्या व शाळा रविवारीं बंद ठेवण्याचा प्रघात इंग्रजी अमलांत आमच्या अंगवळणीं पडला. परंतु मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या मजुराच्या वांट्यास तोच रविवार येण्यास १८९० साल उजाडावें लागलें. हा विसावा यंत्रानें दिला नाहीं, व धनिकांच्या मनांतही तो आपण होऊन उद्भवला नाहीं. तो मागून, झगडून मिळवावा लागला. आणि त्या कामीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचें चरित्र नव्या नव्या यंत्रांनीं दिपून जाणाऱ्या आजच्या पिढीनें एकवार तरी डोळ्यांखालून घालावें, असें आम्हांस वाटतें.

मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कापडगिरणीची कंपनी काढली व १८५६ सालीं ती गिरणी चालू झाली. तेव्हांपासून कामाची रीतच पालटूं लागली. घरच्या मागावर विणणारा कोष्टी सणवार, पाहुणारावळा, आजारपण पाहून माग थांबवी. सावकाराचें कर्ज डोक्यावर असलें तरी आपल्या वेळेचा धनी तोच होता. गिरणींत एका वाफेच्या यंत्रावर शेंकडों चात्या एकदम फिरत, आणि यंत्र सुरू होतांच प्रत्येकास आपापल्या जागीं उभें राहावें लागे. यंत्रांत व कोळशांत पैसा गुंतविणाऱ्या मालकास थांबलेलें यंत्र म्हणजे उघड तोटा दिसे. म्हणून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरणी चाले; उन्हाळ्यांत हा दिवस तेरा तासांवर जाई. १८८१ च्या पहिल्या कारखाने-कायद्यानें मुलांस थोडेंसें संरक्षण दिलें. प्रौढ मजुरांच्या तासांविषयीं तो मुकाच राहिला.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालीं ठाणें येथें एका गरीब कुटुंबांत झाला. बेताचें शिक्षण झाल्यावर त्यांनीं रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केली, व पुढें मुंबईच्या एका गिरणींत कोठारावर कारकून म्हणून काम पाहिलें. तेथें मजुरांची दशा त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावान कार्यकर्ते होते; १८८० सालीं त्यांनीं ‘दीनबंधु’ पत्राची धुरा खांद्यावर घेतली. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं परळ येथें गिरणीमजुरांच्या सभा भरविल्या व साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या कोणत्या? दर रविवारीं सुटी. दुपारीं अर्धा तास विश्रांति. काम सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत. आणि अपघातानें जायबंदी झालेल्यास आधार. इतक्या माफक मागण्या वाचून आज आश्चर्य वाटावें!

गिरणीमालकांचा आक्षेप असा होता कीं, असले निर्बंध मँचेस्टरच्या कारखानदारांस हवे आहेत. मुंबईचा माल महाग व्हावा हा त्यांचा हेतु. या बोलण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. लँकेशायरचा स्वार्थ उघड होता. परंतु परक्याचा स्वार्थ दाखविल्यानें आपल्या चाळींतील मजुराचा थकवा खोटा ठरत नाहीं. २४ एप्रिल १८९० रोजीं भरलेल्या सभेस सुमारें दहा हजार मजूर जमले. दोन मजूर स्त्रियांनींही तेथें भाषणें केलीं. त्याच सालीं १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्यानें आठवड्याची सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति नियमांत आणली, व स्त्रियांचे तास अकरांवर बांधले. यानें मुंबईचा गिरणीधंदा बुडाला नाहीं, हें व्यापारी वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

लोखंडे यांच्या संस्थेस वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती. आजच्या अर्थानें तिला कामगार-संघ म्हणतां येणार नाहीं. तिचा सारा भार एका माणसाच्या कळकळीवर होता. १८९५ सालीं त्यांस रावबहादूर ही पदवी मिळाली. मुंबईंत प्लेग शिरला तेव्हां ते रोग्यांच्या सेवेस धांवले, व ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्याच रोगानें त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मागें यंत्रविद्येची दुसरी लाट आली. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले. सूर्यास्ताची जी नैसर्गिक मर्यादा होती ती नाहींशी झाली, आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. रविवार मात्र टिकला, कारण तो कायद्यांत लिहिलेला होता. पुरुषांचे तास लिहिलेले नव्हते, ते दिव्यानें गिळले. पुढें १९११ च्या कायद्यानें बारा तास, १९२२ च्या कायद्यानें आठवड्यास साठ तास व १९४६ च्या दुरुस्तीनें अठ्ठेचाळीस तास, अशी ही मर्यादा पायरीपायरीनें बांधावी लागली.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या थंडावल्या. भोंगा थांबला, परंतु आज तो प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलवर वाजतो, व त्यास सूर्यास्तही नाहीं, रविवारही नाहीं. यंत्रें येतील; तीं अडवूं नयेत. मात्र प्रत्येक नव्या यंत्राबरोबर विसाव्याची नवी मर्यादा ठरविणें हें माणसांचेंच काम आहे. ज्याच्या पेढीवर अथवा दुकानीं चार माणसें राबतात, त्यानें आरंभ आपल्या घरापासून करावा. लोखंडे यांचें याहून उचित स्मारक आम्हांस दिसत नाहीं.