‘माणूस’मधली मैना : शांता हुबळीकर

चंद्रपूर, ता. प्रतिनिधी : दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपली, की वडसा परिसरातून झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. रात्रभर गाणाऱ्या, नाचणाऱ्या नटीला प्रेक्षक डोक्यावर घेतात. पुढे तिचे काय होते, याची चौकशी मात्र कुणी करीत नाही. शांता हुबळीकर यांचे आयुष्य म्हणूनच येथील रसिकांना परके वाटू नये.

१४ एप्रिल १९१४ रोजी हुबळीजवळील अदरगुंची येथे त्यांचा जन्म झाला. मूळ नाव राजम्मा, मातृभाषा कानडी. गोड गळ्याच्या बळावर त्या कानडी रंगभूमीवरून बोलपटांत आल्या. १९३८ साली प्रभातच्या ‘माझा मुलगा’मध्ये त्या शाहू मोडक यांच्यासमवेत झळकल्या आणि १९३९ साली व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’ने त्यांचे नाव घराघरांत पोहोचविले.

जुगाराच्या अड्ड्यावर धाड घालायला आलेला गणपत हा हवालदार मैना या वेश्येच्या प्रेमात पडतो, अशी ही कथा. शांतारामबापूंनी हा चित्रपट ‘देवदास’ला उत्तर म्हणून काढला, असे मानले जाते. प्रेमभंगाने झुरून मरणारा नायक त्यांना मान्य नव्हता. छळणाऱ्या मामाचा खून मैनेच्या हातून घडतो. गणपत तिला पळून जाण्याची वाट मोकळी करून देतो, पण ती ती नाकारते व शिक्षा पत्करते. कर्तव्य सोडून आपल्यासाठी बुडणारा माणूस तिला नको असतो. हा प्रसंग हुबळीकरांनी कोठेही आक्रस्ताळेपणा न करता उभा केला आहे. पडद्यावरच्या तत्कालीन रडक्या नायिका पाहिल्या, की त्याचे मोल कळते.

अनंत काणेकरांची गीते, मास्टर कृष्णरावांचे संगीत आणि ‘कशाला उद्याची बात’ हे गाणे! त्यात निरनिराळ्या भाषांतली कडवी होती. बाई त्या सगळ्या ठसक्यात गायल्या. ‘आदमी’ या नावाने चित्रपट हिंदीतही निघाला.

यश असे दाराशी उभे असताना त्याच वर्षी त्यांनी बापूसाहेब गिते यांच्याशी विवाह केला आणि प्रभातशी असलेला संबंध संपला. ‘पहिला पाळणा’ (१९४२) वगळता पुढे ठळक म्हणावी अशी भूमिका त्यांच्या वाट्याला आली नाही. पडद्यावरच्या मैनेला संसार मिळाला नव्हता. बाईंना तो मिळाला, परंतु त्याने सुख दिले नाही. उतारवयात एकेकाळची ही नायिका वृद्धाश्रमात राहत होती. आसपासच्यांना तिची ओळखही नव्हती.

ओळख पटल्यावर रसिकांना त्यांची पुन्हा आठवण झाली. १९९० साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यालाही त्यांनी त्याच गाण्याचे नाव दिले. १७ जुलै १९९२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ७८ वर्षांचे होते.