पाउलिनो अल्कांतारा

फिलिपाइन्स हा बेटांचा देश आहे. तेथील इलोइलो प्रांतात १८९६ साली पाउलिनो अल्कांतारा यांचा जन्म झाला. वडील स्पॅनिश सैन्यातील अधिकारी, आई फिलिपिनो. पाउलिनो लहान असतानाच हे कुटुंब स्पेनमधील बार्सिलोना शहरात राहायला गेले.

१९१२ साली ते बार्सिलोना संघाकडून पहिला सामना खेळले. वय अवघे १५ वर्षे! संघाचे पहिले तिन्ही गोल त्यांनीच केले.

१९१६ साली ते मायदेशी परतले आणि डॉक्टरीचा अभ्यास करू लागले. दोन वर्षांनी ते पुन्हा बार्सिलोनाला आले, तेव्हा प्रशिक्षकांनी त्यांना चक्क बचावफळीत उभे केले. गोल करणाऱ्याने गोल अडवायचे, हे क्लबच्या सभासदांना मुळीच पटले नाही. अखेर पाउलिनो पुन्हा आघाडीला खेळू लागले.

१९२० साली ऑलिंपिकसाठी स्पेनच्या संघात त्यांची निवड झाली. पण त्याच सुमारास डॉक्टरीची शेवटची परीक्षा होती. खेळाडूला हा पेच किती कठीण! त्यांनी परीक्षा दिली. स्पेनने रौप्यपदक जिंकले, ते त्यांच्याविना. पुढच्याच वर्षी बेल्जियमविरुद्ध स्पेनचे दोन्ही गोल त्यांनी केले.

१९२७ साली खेळ सोडून ते डॉक्टर झाले. १९६४ साली त्यांचे निधन झाले. बार्सिलोनासाठी मैत्रीपूर्ण सामने धरून त्यांनी ३६९ गोल केले होते. हा विक्रम २०१४ साली मेस्सी यांनी मोडला.